विश्लेषण : सहा तास थांबणारा गॅमा किरण! रुग्णालयातील स्कॅनमागचा ‘फिरकी’चा हिशेब काय?

कर्करोग हाडांपर्यंत पोहोचला आहे का, हृदयाच्या स्नायूंना रक्त नीट मिळते का, मूत्रपिंडे किती काम करतात, या प्रश्नांची उत्तरे मिळवण्यासाठी जगभरात दरवर्षी तीन ते चार कोटी तपासण्या एकाच किरणोत्सारी पदार्थाच्या आधारे होतात. त्याचे नाव टेक्नेशियम-९९एम. हा पदार्थ उपयोगाचा ठरतो तो त्याच्या सहा तासांच्या अर्धायुष्यामुळे. सहा मिनिटे असती तर तपासणी पुरी झाली नसती, सहा वर्षे असती तर रुग्णाला टोचता आला नसता. हे सहा तास आले कुठून, याचे उत्तर प्रकाशाच्या एका अपरिचित गुणधर्मात आहे. अणुकेंद्रकातून बाहेर पडणारा प्रकाश ऊर्जेबरोबर फिरकीही घेऊन जातो आणि ती जास्त न्यावी लागली की त्याला निघायला उशीर होतो.

टेक्नेशियम-९९एम म्हणजे नेमके काय?

मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीत टेक्नेशियमचा क्रमांक ४३ आहे. १९३७ मध्ये इटलीतील पालेर्मो येथे कार्लो पेरिये आणि एमिलिओ सेग्रे यांनी ते शोधले. अमेरिकेतील बर्कले येथील सायक्लोट्रॉनमध्ये किरणांचा मारा झालेला मोलिब्डेनमचा तुकडा त्यांच्याकडे आला होता. त्यात हे मूलद्रव्य सापडले. प्रयोगातून कृत्रिमरीत्या हाती लागलेले ते पहिले मूलद्रव्य, म्हणूनच ‘कृत्रिम’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव पडले. पुढच्याच वर्षी सेग्रे आणि ग्लेन सीबोर्ग यांना त्याचे ९९एम हे रूप आढळले.

यातला ‘एम’ म्हणजे मेटास्टेबल, तात्पुरते टिकून राहणारे. या केंद्रकात ४३ प्रोटॉन आणि ५६ न्यूट्रॉन असतात. साध्या टेक्नेशियम-९९ मध्येही तेवढेच असतात. फरक इतकाच, की ‘एम’ रूपातील केंद्रकाकडे थोडी जादा ऊर्जा असते आणि ती टाकून त्याला खाली उतरायचे असते. सर्वसाधारणपणे असे उत्तेजित केंद्रक सेकंदाच्या अब्जावधीव्या भागात गॅमा किरण सोडून मोकळे होते. हे मात्र तासन्‌तास अडून राहते. अशा अडलेल्या केंद्रकांना ‘आयसोमर’ म्हणतात.

सहा तासच का महत्त्वाचे?

हाडांच्या स्कॅनचे उदाहरण घेऊ. टेक्नेशियमला हाडांकडे खेचले जाणारे एक रसायन जोडून ते शिरेतून टोचले जाते. रसायन हाडांत मुरावे आणि उरलेले लघवीवाटे निघून जावे यासाठी रुग्णाला दोन-तीन तास थांबवतात. मग गॅमा कॅमेऱ्याखाली झोपवून शरीरातून बाहेर येणारे किरण टिपले जातात. तीन तासांनंतरही मूळ टेक्नेशियमपैकी सुमारे ७० टक्के शिल्लक असते, त्यामुळे चित्र स्पष्ट येते. २४ तासांनी केवळ सोळावा भाग उरतो. शरीराबाहेर पडणारा हिस्सा धरला तर त्याहूनही कमी.

दुसरा फायदा प्रमाणाचा. अशा स्कॅनसाठी साधारण ७४ कोटी बेकरेल, म्हणजे सेकंदाला ७४ कोटी केंद्रके विघटित होतील इतका डोस दिला जातो. अर्धायुष्य सहा तासांचे असल्याने त्यासाठी लागणारे टेक्नेशियम एका ग्रॅमच्या सुमारे २५ कोटींव्या भागाइतकेच असते. अर्धायुष्य वर्षांचे असते, तर तितक्याच किरणांसाठी हजारो पट जास्त पदार्थ टोचावा लागला असता आणि तो शरीरात रेंगाळला असता.

तिसरे म्हणजे बाहेर पडणाऱ्या मुख्य गॅमा किरणाची ऊर्जा. ती १४० किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. शरीर भेदून बाहेर यायला पुरेशी, पण कॅमेऱ्यापुढच्या शिशाच्या जाळीने दिशा ठरवता येईल आणि आतल्या स्फटिकाला पकडता येईल एवढी मवाळ.

प्रकाश फिरकी कशी वाहून नेतो?

फिरणाऱ्या प्रत्येक वस्तूकडे कोनीय संवेग असतो. भोवरा असो, जाते असो वा पृथ्वी, हा संवेग आपोआप नाहीसा होत नाही. एकाचा कमी झाला, तर तेवढाच दुसऱ्याकडे गेलेला असतो. अणुकेंद्रकालाही हाच नियम लागू आहे. त्याचा कोनीय संवेग बदलायचा असेल, तर फरकाची रक्कम कोणीतरी बाहेर नेली पाहिजे. गॅमा किरण सुटत असेल, तर ते काम त्या किरणाला करावे लागते.

प्रकाशाला वजन नाही, हाताला जाणवेल असा आकार नाही. मग तो फिरकी कशी नेणार? जॉन पॉइंटिंग यांनी १९०९ मध्येच दाखवले, की वर्तुळाकार ध्रुवीकरण असलेल्या प्रकाशात कोनीय संवेग असला पाहिजे. कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन आणि सूरी भगवंतम यांनी १९३१ मध्ये प्रकाशाच्या विकिरणाच्या मोजमापांवरून प्रकाशकणाला, म्हणजे फोटॉनला, एक एकक फिरकी असल्याचा पुरावा मांडला. १९३६ मध्ये अमेरिकेत रिचर्ड बेथ यांनी तर स्फटिकाची चकती बारीक धाग्याला टांगली आणि तिच्यातून असा प्रकाश सोडला. चकतीला सूक्ष्म पीळ पडला. प्रकाशाने आपली फिरकी तिला दिली होती.

अणूंच्या जगात ही फिरकी ठरावीक एककांतच मिळते. प्लांकचा स्थिरांक भागिले दोन पाय हे ते एकक. केंद्रकाची फिरकी अर्धा, दीड, अडीच अशा पायऱ्यांनी मोजली जाते, तर बाहेर पडणारा फोटॉन एक, दोन, तीन अशी पूर्ण एकके नेतो. शून्य नेणारा एकटा फोटॉन नसतो. एक एकक नेणाऱ्या प्रारणाला द्विध्रुवी, दोन नेणाऱ्याला चतुर्ध्रुवी आणि तीन नेणाऱ्याला अष्टध्रुवी म्हणतात. या सगळ्यांचे मिळून नाव बहुध्रुवी प्रारण.

जास्त फिरकी नेणे अवघड का?

याचे उत्तर जात्यात आहे. जात्याचा खुंटा मध्यभागी नसतो, कडेला असतो. मध्याजवळ कितीही जोर लावला तरी जाते फिरत नाही. दारही बिजागरीजवळ ढकलून उघडत नाही. कोनीय संवेग हा जोराबरोबरच अक्षापासूनच्या अंतरावरही अवलंबून असतो.

फोटॉनला पहिले एक एकक त्याच्या अंगभूत फिरकीतून मिळते. त्यापुढचे प्रत्येक एकक मिळवायचे, तर त्याने केंद्रकाच्या मध्यापासून दूर, कडेने निसटायला हवे. किती दूर, हे त्याच्या तरंगलांबीवर ठरते. जेवढी ऊर्जा कमी, तेवढी तरंगलांबी मोठी आणि तेवढा लांबचा खुंटा लागणार. अडचण अशी, की केंद्रक तरंगलांबीच्या मानाने अतिशय लहान असते. इतका लांब खुंटा त्याच्याकडे नसतोच.

तरी हे अशक्य नसते. पुंजयांत्रिकीत अशी घटना घडण्याची शक्यता शून्य नसून फार कमी असते. फिरकीचे प्रत्येक जादा एकक ही शक्यता आणखी खाली आणते. किती खाली, हे केंद्रकाचा आकार आणि तरंगलांबी यांच्या गुणोत्तराच्या वर्गावरून ठरते. ही शक्यता जितकी कमी, तितकी केंद्रकाची प्रतीक्षा लांबते.

टेक्नेशियमच्या केंद्रकात काय घडते?

त्याच्यापुढे तीन पायऱ्या आहेत. सर्वात वरच्या पायरीवर, जिथे ते अडलेले असते, फिरकी अर्धी आहे. तिच्या जेमतेम २.२ किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट खाली मधली पायरी, तिथे फिरकी साडेतीन. मधल्या पायरीच्या १४० किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट खाली तळ, तिथे फिरकी साडेचार.

आता हिशेब मांडू. वरून थेट तळाला उडी मारायची, तर अर्ध्यावरून साडेचारवर जायचे. कमीत कमी चार एककांची देवघेव करावी लागेल. वरून मधल्या पायरीवर यायचे, तर तीन एककांची. मधल्या पायरीवरून तळाला जायला मात्र एकच एकक पुरते.

थेट उडीत ऊर्जा मिळते सुमारे १४३ किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट, मधल्या पायरीवर उतरताना तिच्या साठाव्या भागाहूनही कमी. एरवी जास्त ऊर्जेचा मार्ग केंद्रकाला सोपा असतो. येथे उलट घडते. शंभरातले जेमतेम एखादे केंद्रक थेट उडी मारते, बाकीची छोट्या पायरीने उतरतात. चार एककांपेक्षा तीन एककांची सोय लावणे परवडते. पण तीन एककांची सोयही सहज लागत नाही. त्यातच पायरी छोटी असल्याने तरंगलांबी केंद्रकाच्या व्यासाच्या सुमारे ५० हजार पट असते. केंद्रक दोन मिलीमीटरच्या मोहरीएवढे मानले, तर तरंगलांबी फुटबॉलच्या मैदानाएवढी होईल. मोहरीने मैदानाच्या कडेचा खुंटा फिरवायचा आहे. सहा तासांचा उशीर होतो तो इथे.

एकदा मधली पायरी गाठली, की अडथळा संपतो. उरलेल्या एका एककासाठी केंद्रक थांबते ते नॅनोसेकंदाचा जेमतेम पाचवा भाग, आणि १४० किलो इलेक्ट्रॉन व्होल्टचा गॅमा किरण बाहेर पडतो. कॅमेरा टिपतो तो हाच किरण. एकाच केंद्रकातील लागोपाठच्या या दोन टप्प्यांच्या वेळांत सुमारे शंभर लाख कोटी पटींचा फरक आहे. त्याला ऊर्जेतील तफावत जशी कारण आहे, तशीच तीन आणि एक या आकड्यांतली तफावतही.

मग तीन एकके प्रकाशच नेतो का?

बहुतेक वेळा नाही. २.२ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या पायरीवर फोटॉनला निघणे इतके अवघड जाते, की केंद्रक आपली ऊर्जा आणि फिरकी अणूतल्याच एखाद्या इलेक्ट्रॉनला देते आणि तो बाहेर फेकला जातो. इलेक्ट्रॉनांचा पसारा केंद्रकाच्या हजारो पट मोठा असल्याने लांबचा खुंटा त्यांच्याकडे असतो. नेणारा बदलला, तरी हिशेब तोच राहतो. तीन एकके बाहेर गेलीच पाहिजेत.

याचा एक चकित करणारा परिणाम १९५१ मध्ये अमेरिकेत बेनब्रिज, गोल्डहाबर आणि विल्सन यांनी नोंदवला. किरणोत्सारी अर्धायुष्यावर तापमानाचा, दाबाचा वा रासायनिक संयुगाचा परिणाम होत नाही असे शाळेत शिकवले जाते. टेक्नेशियम-९९एममध्ये मात्र दोन वेगवेगळ्या संयुगांत विघटनाचा वेग सुमारे पाव टक्क्याने वेगळा निघाला. संयुग बदलले की बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते आणि याच इलेक्ट्रॉनांवर केंद्रकाची सुटका अवलंबून असते. फरक इतका छोटा आहे, की रुग्णालयातील डोसच्या गणितावर त्याचा परिणाम होत नाही.

या कोड्याचा उलगडा कोणी केला?

एकाच प्रकारचे केंद्रक दोन वेगळ्या अर्धायुष्यांनी विघटित होते, हे जर्मनीचे ऑटो हान यांना १९२१ मध्ये युरेनियमपासून निर्माण होणाऱ्या पदार्थांत प्रथम आढळले. प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन तेवढेच, तरी वागणूक वेगळी. कारण सापडायला १५ वर्षे लागली. १९३६ मध्ये कार्ल फॉन व्हाइत्सेकर यांनी सुचवले, की दोन अवस्थांच्या फिरकीत मोठा फरक असेल आणि ऊर्जेतला फरक कमी असेल, तर बहुध्रुवी प्रारणाला इतका वेळ लागेल, की वरची अवस्था स्वतंत्र पदार्थासारखी टिकून राहील. पुढे शेकडो आयसोमर सापडले आणि त्यांच्या आयुष्यमानावरून केंद्रकाच्या आतल्या रचनेचा अंदाज घेता येऊ लागला. उशीर किती झाला यावरून फिरकीत किती फरक होता हे कळते.

याहून हट्टी केंद्रके आहेत का?

निसर्गात सापडणाऱ्या टँटलम धातूत सुमारे ०.०१२ टक्के टँटलम-१८०एम असते. त्याची फिरकी नऊ, तर तळाच्या अवस्थेची एक. म्हणजे सात-आठ एककांची सोय लावायची आणि हाती ऊर्जा फक्त ७७ किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट. हे केंद्रक विघटित होताना आजवर कोणालाही दिसलेले नाही. प्रयोगांवरून इतके नक्की झाले आहे, की त्याचे अर्धायुष्य विश्वाच्या वयाच्या किमान काही लाख पट आहे. गंमत अशी, की त्याची तळाची अवस्था मात्र सुमारे आठ तासांतच निम्मी होते. खाली उतरता येत नाही म्हणूनच ते टिकून आहे.

हाफ्नियम-१७८ च्या एका आयसोमरची फिरकी १६ आहे आणि अर्धायुष्य ३१ वर्षे. त्यात प्रत्येक केंद्रकामागे सुमारे २४ लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा अडकलेली असते. साध्या क्ष-किरणांनी हे कुलूप उघडून सगळी ऊर्जा एकदम मिळवता येईल, असा दावा १९९९ मध्ये झाला आणि गॅमा किरणांच्या बॉम्बची चर्चा सुरू झाली. अमेरिकेतील अर्गॉन प्रयोगशाळेत त्याहून कितीतरी प्रखर क्ष-किरणांनी प्रयोग झाले, तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. कोनीय संवेगाचे कुलूप तसे सहज उघडत नाही.

रुग्णालयांना टेक्नेशियम मिळते कसे?

सहा तासांत निम्मा होणारा पदार्थ दुसऱ्या देशातून मागवता येत नाही. म्हणून त्याचा जनक, मोलिब्डेनम-९९, रुग्णालयात आणून ठेवतात. त्याचे अर्धायुष्य ६६ तास. तो शिशाच्या आवरणातील एका नळीत ॲल्युमिनाला चिकटवलेला असतो आणि त्यातून सतत टेक्नेशियम तयार होत राहते. रोज सकाळी नळीतून सलाइन सोडले, की टेक्नेशियम धुऊन बाहेर येते, मोलिब्डेनम मागे राहते. अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत १९५०च्या दशकाच्या अखेरीस विकसित झालेल्या या उपकरणाला वैद्यकीय वर्तुळात ‘गाय’ म्हणतात आणि टेक्नेशियम काढण्याला ‘दूध काढणे’. एकदा काढले, की पुन्हा भरायला सुमारे एक दिवस लागतो.

ही गायही आठवडाभरात आटते. सात दिवसांनी मोलिब्डेनम सुमारे १७ टक्केच उरते. त्यामुळे त्याचा साठा करता येत नाही, अणुभट्ट्यांतून ताजा पुरवठा येतच राहावा लागतो. हे किती नाजूक आहे, ते २००९-१० मध्ये दिसले. कॅनडातील चॉक रिव्हरची जुनी अणुभट्टी जड पाण्याच्या गळतीमुळे मे २००९ पासून ऑगस्ट २०१० पर्यंत बंद राहिली आणि त्याच काळात नेदरलँड्समधील पेटेनची अणुभट्टीही काही महिने दुरुस्तीला गेली. जगाच्या पुरवठ्याचा मोठा हिस्सा या दोन ठिकाणांहून येत होता. अनेक देशांत तपासण्या पुढे ढकलाव्या लागल्या, हृदयासाठी जुन्या थॅलियमकडे वळावे लागले. चॉक रिव्हरची ती भट्टी २०१८ मध्ये कायमची बंद झाली.

भारतात स्थिती काय?

भारतात या उपचारशाखेचे एक मुख्य केंद्र मुंबईत आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचे परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून काम करते. तुर्भे येथील ‘ध्रुव’ अणुभट्टीत वैद्यकीय समस्थानिके तयार होतात आणि अणुऊर्जा विभागाचेच वाशी येथील ‘ब्रिट’, म्हणजे विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ, ती देशभरातील रुग्णालयांना पुरवते. मोलिब्डेनमचा काही भाग आयातही करावा लागत आला आहे. त्यामुळे परदेशातील एखादी भट्टी बंद पडली किंवा विमान चुकले, तर त्याची झळ इथल्या तपासण्यांच्या वेळापत्रकालाही बसू शकते.

वेळापत्रकाचे बंधन रुग्णावरही असते ते याचमुळे. स्कॅनसाठी सकाळी नऊची वेळ दिली असेल आणि रुग्ण दुपारी तीनला पोहोचला, तर त्याच्यासाठी काढून ठेवलेला डोस निम्मा झालेला असतो. वेळेवर या, भरपूर पाणी प्या, स्कॅननंतर काही तास लहान मुले आणि गरोदर स्त्रियांना जवळ घेऊ नका, या सगळ्या सूचना याच सहा तासांच्या हिशेबातून येतात. शरीरात उरते ते साधे टेक्नेशियम-९९. त्याचे अर्धायुष्य दोन लाख वर्षांहून अधिक, पण प्रमाण इतके नगण्य आणि विघटन इतके संथ, की त्याचा किरणोत्सार जवळपास जाणवतच नाही.